तुमच्या पिशवीतला कागद कोणता?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत तालुका विधी सेवा समितीच्या एका स्वयंसेवक ताईंनी केलेलं भाषण. लिहून काढताना त्यांची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षताई म्हणाल्या, कौटुंबिक हिंसाचारावर बोला. या विषयावरची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकलीत. मार सहन करू नका, गप्प बसू नका, पुढं या. बरं, बाई पुढं आली. ठाण्यात गेली, चार तास बाकड्यावर बसली, एक कागद घेऊन घरी आली. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. मी आज त्या कागदाबद्दलच बोलणार आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात बसते. बाई येते आणि पहिलं वाक्य हेच बोलते, "ताई, मी केस केलीय." मी म्हणते, कागद दाखव. ती पिशवीतून चौघडी केलेला कागद काढते. आणि पुष्कळदा ती केस नसतेच. बाईला वाटतं आता पोलीस येतील, नवऱ्याला बोलावतील. आठ दिवस जातात, पंधरा जातात, कुणी येत नाही. नवऱ्याला मात्र तिच्या आधी कळतं की काही झालेलं नाही. मग तो म्हणतो, "गेली होतीस ना ठाण्यात? काय वाकडं केलंस माझं?" आधीच्या मारापेक्षा हा मार जास्त लागतो, असं मला एका ताईनं सांगितलं होतं.

म्हणून नीट ऐका. ठाण्यातून तीन तऱ्हेचे कागद मिळतात आणि आपण तिन्हींना 'तक्रार' म्हणतो.

पहिला कागद म्हणजे अर्जाची पोहोच. तुम्ही अर्ज लिहून दिला, त्यांनी तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर टाकला. पोलिसांना अर्ज मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. पण तो जपून ठेवा, पुढं लागतो.

दुसरा एनसी. त्यावर 'अदखलपात्र' असा शब्द असतो. अदखलपात्र म्हणजे या गुन्ह्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासच करू शकत नाहीत. बहुतेक एनसीच्या शेवटी एक ओळ असते, की अर्जदाराला कोर्टात दाद मागण्याची समज दिली. ती ओळ कुणी वाचत नाही. कलमं बघा. ११५(२), ३५२, ३५१(२) एवढीच असतील तर समजा, साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. जुन्या कायद्यात हेच ३२३, ५०४, ५०६ होतं.

तिसरा एफआयआर. आपल्याकडं 'फिर्याद' म्हणतात, 'गुन्हा दाखल झाला' म्हणतात, तो हा. त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, गु.र.नं. असं लिहितात, पुढं नंबर आणि साल. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केला असेल तर कलम ८५ दिसलं पाहिजे. तुम्ही ज्याला 'चारशे अठ्ठ्याण्णव' म्हणता तेच हे. १९८३ साली ४९८ अ आलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्याचा नंबर ८५ झाला. त्या तारखेच्या आधीच्या घटनेला अजून ४९८ अ लागतं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता तुम्ही विचाराल, मी छळाचंच सांगायला गेले होते, तर एनसी कशी झाली? इथंच खरी गोम आहे.

ठाणे अंमलदार विचारतो, "काय झालं?" बाई सांगते, "काल रात्री मारलं." "का मारलं?" "भाजीत मीठ जास्त झालं." तो लिहितो: घरगुती किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताचापटीने मारहाण केली. झाली एनसी. कालची एक रात्र लिहिली गेली. सहा वर्षांचा छळ कागदावर आलाच नाही. अंमलदारानं मुद्दाम केलं असेल किंवा नसेल. रोज अशी दहा भांडणं त्याच्यापुढं येतात. आणि ८५ कलम एका भांडणाचं नाही. शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल, जीव द्यावासा वाटेल असं वागणं, नाहीतर पैशासाठी, वस्तूसाठी छळणं, अशी त्याची व्याख्या पुढच्या ८६ कलमात दिलीय. तेव्हा सुरुवात कालच्या रात्रीपासून करू नका, पहिल्या वेळेपासून करा. लग्न कधी झालं, पहिला हात कधी उचलला, माहेराहून काय आणायला लावलं, किती वेळा हाकललं, कुणी परत आणून सोडलं.

तारखा आठवत नाहीत, असं सगळ्या म्हणतात. कुणाला आठवतात? पोळ्याच्या आदल्या दिवशी. तूर काढायच्या वेळेला. धाकटी दीड महिन्याची होती तेव्हा. असं सांगितलं तरी चालतं. गटातल्या तायांनो, इथं तुमचा उपयोग आहे. ठाण्यात जायच्या आधी अर्धा तास बसून तिच्याशी बोला आणि हे कागदावर उतरवा. ठाण्यात गेल्यावर बाईला रडूच येतं, अर्धं विसरतं.

दुसरी गोष्ट, कशानं मारलं ते स्पष्ट सांगा. हातानं मारलं तर ११५. पण विळा, कोयता, लोखंडी गज असेल किंवा उलथनं तापवून चटका दिला असेल, तर कलम ११८ आहे, आणि ते दखलपात्र. हाड मोडलं, दात पडला तर ती गंभीर दुखापत. तिथंही एनसी चालत नाही. एका ताईच्या दंडावर उलथन्याचा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता आणि कागदावर होतं 'हाताचापटीने'. तिनं सही केली होती, कारण तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

वाचून दाखवणं ही मेहरबानी नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय: तोंडी सांगितलेली खबर पोलिसांनी लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची. आणि एफआयआरची नक्कल फिर्यादीला किंवा पीडितेला ताबडतोब, फुकट द्यायची. झेरॉक्सचे पाच रुपयेसुद्धा नाहीत. तुम्हाला वाचता येत नसेल तर सोबतच्या बाईला वाचू द्या. चूक लिहिलं असेल तर सही करायच्या आधी सांगा, "साहेब, इथं चापट लिहिलंय, उलथनं लिहा." शांतपणे सांगा, पण सांगा.

दवाखान्याचंही तसंच. आधी ठाणं की आधी दवाखाना, असं मला विचारतात. लागलेलं असेल तर दवाखाना. पोलिसांची यादी नाही म्हणून, किंवा आधी कुठं तक्रार नोंदवली नाही म्हणून सरकारी दवाखान्यानं उपचार नाकारायचे नाहीत, असं घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या नियमांत आहे. फक्त डॉक्टरला 'पायरीवरून पडले' असं सांगू नका. लाजेनं आपण तेच सांगतो, सासू शेजारी उभी असते म्हणूनही सांगतो. पण केस पेपरवर 'पडून लागलं' आलं की तेच दोन वर्षांनी कोर्टात समोरचा वकील दाखवतो. नवऱ्यानं मारलं, अमुक वस्तूनं मारलं, असं सांगा आणि एमएलसी नोंदवायला सांगा. केस पेपर हातात घेऊनच निघा.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, अध्यक्ष-सचिव असलेल्यांसाठी. तुम्ही उत्साहानं जाता आणि म्हणता, "आम्ही गटातर्फे केस करतो." ८५ कलमात तसं होत नाही. खबर तिनं स्वतः द्यायची, नाहीतर रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातल्या माणसानं. आई, बाप, भाऊ, बहीण, मामा, मावशी चालतात. गटाची अध्यक्ष चालत नाही. सोबत जाऊ शकता, बसू शकता, साक्ष देऊ शकता. साक्षीची भीती वाटते ना? बाईला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब ती राहते तिथं येऊन घ्यायचा असतो, हेही कायद्यात आहे. नवऱ्याला सांगून ठेवा, म्हणजे घरात आरडाओरडा होणार नाही.

पण घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तुम्ही स्वतः कळवू शकता. २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. हिंसा झाली किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला होत नाही. संरक्षण अधिकारी डीआयआर भरतात, म्हणजे घटनेचा अहवाल, आणि तो कोर्टाला पाठवतात. हा चौथा कागद. तो ठाण्यात मिळत नाही.

या कायद्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पुष्कळ बायांना नवरा जेलात जावा असं वाटत नसतं. त्यांना मार थांबायला हवा असतो, घरात राहायला हवं असतं, पोरांच्या खाण्याची सोय हवी असते. त्यांना आपणच ढकलत ठाण्यात नेतो. तिला काय हवंय ते तिला विचारा, गटाला काय वाटतं ते बाजूला ठेवा. या कायद्याच्या अर्जाला आधी एफआयआर लागत नाही. मारायचं नाही असा आदेश, घरातून काढायचं नाही असा आदेश, खर्चाला पैसे, पोरांचा ताबा, हे सगळं मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क, असं म्हणतात. नाव कुणाचंही असो, नांदत्या घरातून कायदा सोडून बाईला बाहेर काढता येत नाही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. आपल्या कोर्टात साठ दिवसांत निकाल लागतो असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तातडीचा आदेश मागता येतो, तो मागायला वकिलाला सांगा. आणि संरक्षणाचा आदेश मोडून नवऱ्यानं परत हात उचलला, तर तो दखलपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड.

दिराने हाकललेली विधवा, भाऊ मारतो अशी बहीण, यांनाही हा कायदा आहे. ८५ फक्त नवरा आणि त्याच्या नातेवाइकांवर लागतं. आणि आर्थिक छळ या कायद्यात स्पष्ट लिहिलाय. गटाचं कर्ज तिच्या नावावर उचलायला लावायचं, पैसे स्वतः घ्यायचे, हप्ता तिनं मजुरी करून फेडायचा. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की पासबुक काढून घ्यायचं. याला आपण 'घरातलंच आहे' म्हणतो. डीआयआरमध्ये हे लिहायला सांगा.

आता, पोलिसांनी नोंदवलंच नाही तर? 'घरगुती मामला आहे, मिटवून घ्या' हे वाक्य तुम्ही ऐकणारच. आधी कायद्याला धरून काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्ही ठाण्यात उगीच भांडणार नाही. तीन वर्षांपासून ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. सुप्रीम कोर्टानंही २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो, मात्र नवरा-बायकोच्या वादात आधी चौकशी चालू शकते. पण आताच्या कायद्यात या चौकशीला चौदा दिवसांची मुदत आहे. चार महिने नाही.

महिला कक्षात, भरोसा सेलमध्ये समुपदेशनाला पाठवतात. ते वाईट नाही, काही घरं तिथं सावरलेली मी बघितलीत. पण अर्जात एक ओळ स्वतः लिहा: 'माझी तक्रार गुन्हा नोंदवण्यासाठी आहे' किंवा 'मला समुपदेशन हवे आहे'. तुम्ही लिहिलं नाही तर तुमच्या वतीनं दुसरं कुणीतरी ठरवतं. आणि समुपदेशनानंतर कोऱ्या कागदावर किंवा न वाचता 'माझी तक्रार नाही' यावर सही करू नका. तडजोड करायची तर करा, ती तुमची मर्जी, पण काय ठरलं ते त्यात लिहिलेलं असू द्या.

तरीही घेत नसतील तर तीच हकीकत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपा. हा उपकाराचा अर्ज नव्हे, कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमातच ही वाट दिलीय. त्यांनीही काही केलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. तिथं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि आधी ठाण्यात दिलं होतं, एसपींना पाठवलं होतं, याचा पुरावा लागतो. म्हणून मघाशी म्हटलं की पोहोच जपा. या अर्जाला वकील लागेल. तो विधी सेवा समिती फुकट देते. बाईला उत्पन्नाची अट नाही. बंगल्यातली असो की पालातली.

हातात एनसीच असेल तर ती फेकून देऊ नका. तपासाचा हुकूम द्या म्हणून मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. कलम १२६ खाली पोलीस नवऱ्याला तहसीलदारांपुढं उभं करून शांततेचं बंधपत्र लिहून घेऊ शकतात, त्यालाच लोक चॅप्टर केस म्हणतात. आणि एकामागून एक तीन एनसी असतील तर छळ रोजचा आहे हे त्याच सांगतात.

आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या तायांचं वेगळं आहे. मार खाल्ला कोल्हापूरकडच्या फडात, नाहीतर कर्नाटकात, आणि पळून आली माहेरी. इथलं ठाणं म्हणतं, "घटना तिकडची, तिकडं जा." जायला लागत नाही. खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ते शून्य नंबरनं नोंदवून तिकडं पाठवतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या रुपाली देवी खटल्यात सांगितलंय की छळामुळं बाई जिथं आसऱ्याला आली, तिथंही ४९८ अ ची तक्रार चालू शकते, कारण मनाला झालेली इजा ती इथंही भोगत असते. मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून बाईला नवऱ्याकडं परत पाठवा, असं कुणी म्हणत असेल, तर उचलीचा हिशेब वेगळा आणि मारहाण वेगळी.

नावं किती घालायची, यावर माझं मत ऐका. रागात बाई सासू, सासरा, दोन दीर, पुण्यातली नणंद, तिचा नवरा, सगळे घालते. कधी गावातलेच सल्ला देतात, 'सगळ्यांना अडकव, म्हणजे वठणीवर येतील'. कोर्टं आता मोघम आरोप उडवून लावतात, आणि त्यात खरा आरोपही हलका पडतो. ज्यानं जे केलं तेवढंच लिहा. सासूनं केस धरले असतील तर केस धरले. नणंद वर्षातून एकदा येते तर तिला सोडा.

आणि एफआयआर झाला म्हणजे संध्याकाळी बेड्या पडतात असं नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस आधी नोटीस देऊन बोलावू शकतात. म्हणजे तो त्या रात्री घरीच असेल. हे मी घाबरवायला सांगत नाही. ती रात्र कुठं काढायची ते ठाण्यात जायच्या आधी ठरवा. माहेर लांब असेल तर गटातलं एखादं घर, नाहीतर सखी केंद्र. पोरं सोबत. आधार कार्ड, बँकेचं आणि गटाचं पासबुक, लग्नपत्रिका, फोटो, केस पेपर यांच्या नकला आधीच दुसरीच्या घरी ठेवा. घरात मारामारी चालू असेल तेव्हा ११२ लावा. संरक्षण अधिकारी, सखी केंद्र कुठं ते विचारायला १८१. वकिलासाठी १५१००. हे तिन्ही नंबर फोनमध्ये 'मावशी', 'बँक', काहीही नावानं टाका, नवरा फोन बघतो त्यांनी तर नक्कीच.

एफआयआर नोंदवल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. तपासी अंमलदाराचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी कागदाच्या मागं लिहून घ्या.

एवढंच. गटाच्या सचिवांनी पुढच्या बैठकीला आपल्या गटातल्या ज्या तायांनी पूर्वी 'केस केली' असं सांगितलंय, त्यांना कागद घेऊन बोलवा, आपण एकेक उघडून बघू. आणि आज ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही, त्यांनी जेवणानंतर अंगणवाडीच्या खोलीत या. मी साडेचारच्या एसटीपर्यंत आहे.